विश्लेषण : पाइपचा जोड पक्का आहे, हे ठरवते कोण?

फ्रान्समधील फ्लामांव्हिल येथील ईपीआर अणुभट्टी २१ डिसेंबर २०२४ रोजी अखेर वीजजाळ्याशी जोडली गेली. ती २०१२ मध्ये सुरू होणार होती. ३.३ अब्ज युरोंचा मूळ अंदाज तोवर १३.२ अब्जांवर गेला होता. या विलंबाला अनेक कारणे होती. त्यातले एक मात्र ऐकायला अगदी किरकोळ वाटते : वाफेच्या पाइपांचे वेल्डिंग. याच प्रकारच्या सहा अणुभट्ट्या रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला प्रस्तावित असल्याने हा विषय आपल्यासाठी दूरचा नाही. शिवाय वेल्डिंगने जोडलेला पाइप साखर कारखान्याच्या बॉयलरपासून शहरातील रस्त्याखालच्या गॅसवाहिनीपर्यंत सगळीकडे आहे. त्याचा जोड चांगला की वाईट, हे ठरते कसे?

फ्लामांव्हिलमध्ये नेमके काय बिघडले?

अणुभट्टीत तयार झालेली वाफ मोठ्या पाइपांतून टर्बाइनकडे जाते. हे पाइप अणुभट्टीच्या इमारतीची दुहेरी भिंत ओलांडतात, तिथे दोन भिंतींच्या मधल्या जागेत एकूण आठ जोड आहेत. आराखडा करताना असे धरले होते की हे पाइप कधी फुटणारच नाहीत. फुटलेच तर काय, यासाठी जे आधार, अडथळे आणि संरक्षण द्यावे लागते ते त्यामुळे दिले गेले नाही. अशी सवलत घेतली की त्या बदल्यात जोडाचा दर्जा अणुउद्योगाच्या नेहमीच्या नियमांपेक्षाही वरचा ठेवावा लागतो. तशी अट कागदावर होतीही. मात्र प्रत्यक्ष वेल्डिंग करणाऱ्या उपकंत्राटदारांपर्यंत ती पोहोचलीच नाही. त्यांनी नेहमीच्या नियमांनुसार काम केले.

२०१८ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. भट्टी सुरू करण्यापूर्वीच्या तपासणीत वाफेच्या पाइपांवरील सुमारे दीडशे जोड पाहिले गेले, तेव्हा ३३ जोडांत गुणवत्तेची कमतरता आढळली. हेच जोड बनवताना तपासले गेले होते आणि त्या वेळी ‘ठीक’ ठरले होते. म्हणजे वेल्डिंग चुकले आणि तपासणीही चुकली.

भिंतीतील आठ जोड जागीच ठेवू द्यावेत किंवा त्यांची दुरुस्ती भट्टी सुरू झाल्यावर करू द्यावी, असा प्रयत्न ‘ईडीएफ’ या सरकारी वीज कंपनीने करून पाहिला. जून २०१९ मध्ये तिथल्या अणुसुरक्षा नियामकाने तो मान्य केला नाही : आधी दुरुस्ती, मग भट्टी. तोपर्यंत या जोडांभोवती बांधकाम पूर्ण झाले होते. पाइपाच्या आत दूरनियंत्रित रोबो पाठवून काम करावे लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपनीने प्रकल्पाचा अंदाज दीड अब्ज युरोंनी वाढवला, तो मुख्यतः या जोडांमुळे. त्याच महिन्यात जाँ-मार्तँ फोल्झ यांचा चौकशी अहवाल आला. फ्रान्सने अनेक वर्षे नवी अणुभट्टी न बांधल्याने वेल्डिंगसह अनेक कौशल्ये हरवली, असे त्यात नोंदवले होते.

जोड नुसता पाहून का कळत नाही?

वेल्डिंग म्हणजे दोन तुकडे चिकटवणे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तिथे काही सेकंदांसाठी एक लहानशी ओतशाळाच चालू होते. पोलाद सुमारे १५०० अंशांना वितळते, बाहेरून घातलेल्या रॉडचा धातू त्यात मिसळतो आणि आजूबाजूचा थंड पाइप ती उष्णता झपाट्याने ओढून घेतो. जोडाच्या कडेचा पट्टा वितळत नाही, पण तापून पटकन थंड झाल्याने कडक आणि ठिसूळ होऊ शकतो. तडे बहुतेक वेळा याच पट्ट्यात जातात.

पाइपाचा जोड एका दमात भरत नाहीत. दोन्ही तोंडे तिरकी घासून, त्यांच्यात काही मिलिमीटरची फट ठेवून आधी तळाचा थर भरतात. त्याला ‘रूट’ म्हणतात. हा थर बहुधा आर्गन वेल्डिंगने होतो. त्यावर रॉडचे थर चढत जातात आणि शेवटचा थर म्हणजे ‘कॅप’. बाहेरून दिसते ती फक्त कॅप. मासळीच्या खवल्यांसारखी सुबक कॅप पाहून समाधान मानणारे पर्यवेक्षक कमी नाहीत, पण रूट नीट आत उतरला की नाही हे ती सांगत नाही. लहान व्यासाच्या पाइपात आतून हात किंवा नजर पोहोचत नाही.

त्याहून फसवा प्रकार हायड्रोजनचा. रॉडवरचे लेपण दमट असेल तर त्यातील पाण्यापासून हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या धातूत शिरतो. जोड थंड झाल्यावर तो कडक पट्ट्यात साचतो आणि तडा पाडतो. हा तडा जोड झाल्यानंतर दोन दिवसांनीही उमटू शकतो. म्हणूनच काही पोलादांच्या बाबतीत तपासणी मुद्दाम २४ ते ४८ तास थांबून करतात. कमी हायड्रोजनचे रॉड भट्टीत भाजून, गरम ओव्हनमध्ये ठेवून, लागतील तेवढेच बाहेर काढायचे असतात. पावसाळ्यातील साइटवर रॉडचे उघडे पाकीट ताडपत्रीखाली पडलेले दिसले, तर त्या दिवशीच्या जोडांबद्दल शंका घ्यायला एवढे पुरेसे आहे. पाइप आधी ठरावीक तापमानापर्यंत गरम करण्याची अटही याच हायड्रोजनसाठी असते.

नंतर तपासून ज्याची पूर्ण खात्री करता येत नाही, अशा कामाला गुणवत्ता शास्त्रात ‘विशेष प्रक्रिया’ म्हणतात आणि वेल्डिंग हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ‘आयएसओ ३८३४’ हे मानक याच विचारावर उभे आहे.

मग खात्री कशी करतात?

काम सुरू होण्यापूर्वी. कोणते पोलाद, किती जाडी, कोणता रॉड, किती करंट, पाइप आधी किती तापवायचा, याची लेखी कृती तयार होते. तिला ‘डब्ल्यूपीएस’ म्हणतात. ती कृती वापरून एक नमुना जोड करतात, त्याच्या पट्ट्या कापतात, ओढून तोडतात, वाकवून पाहतात, गरज असेल तर थंड करून हातोड्याचा आघात देतात. नमुना टिकला तरच कृती मंजूर.

त्यानंतर वेल्डरची परीक्षा. आखातात नोकरीला जाणाऱ्या कोणत्याही वेल्डरला ‘सिक्स-जी’ म्हणजे काय हे ठाऊक असते. पाइप ४५ अंशात तिरका पक्का बांधतात, तो फिरवता येत नाही. वेल्डरला त्याच्याभोवती फिरून, कधी वाकून, कधी डोक्यावर हात करून पूर्ण वर्तुळ भरावे लागते. अमेरिकी ‘एएसएमई’ संहितेनुसार अशी पात्रता मिळवलेल्या वेल्डरने सहा महिने ती पद्धत वापरली नाही, तर पात्रता संपते. हाताची सवय मोडते, हे संहिता गृहीत धरते.

प्रत्येक पात्र वेल्डरला क्रमांक असतो आणि त्याने केलेल्या जोडाशेजारी तो क्रमांक लिहायचा असतो. आराखड्यावरील जोड क्रमांक, वेल्डरचा क्रमांक, वापरलेल्या रॉडची बॅच, पाइपाचा ‘हीट नंबर’ आणि एक्स-रे फिल्मचा क्रमांक अशी साखळी जुळली, की २० वर्षांनी गळती झाली तरी त्या वेल्डरचे आणि त्या बॅचचे बाकीचे जोड शोधता येतात. साइटवर या नोंदींना ‘पेपरवर्क’ म्हणून नाक मुरडले जाते. सुरक्षेचा मोठा भाग मात्र त्यातच आहे.

एक्स-रे काढला की काम झाले ना?

नाही. फिल्मवर हवेचे फुगे, अडकलेली राख, अपुरा भरलेला रूट चांगला दिसतो. पातळ, सपाट तडा किरणांच्या दिशेला आडवा असेल तर तो निसटू शकतो. तसे तडे अल्ट्रासॉनिक तपासणीत अधिक चांगले सापडतात, पण तिथे तपासनिसाचे कौशल्य निर्णायक ठरते.

प्रत्येक जोडाचा एक्स-रे निघतो, हाही गैरसमज. रिफायनरी आणि रसायन कारखान्यांतील पाइपांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘एएसएमई बी ३१.३’ संहितेत सर्वसाधारण सेवेसाठी किमान पाच टक्के जोडांची अशी तपासणी पुरेशी मानली आहे. धोकादायक सेवेत हे प्रमाण शंभर टक्क्यांपर्यंत जाते. पाच टक्के पुरतात ते एका अटीवर : एक जोड नापास झाला तर त्याच वेल्डरचे आणखी दोन तपासायचे, त्यातला एखादा नापास झाला तर आणखी. त्यामुळे नापास जोड ‘चुकून आला’ म्हणून गुपचूप दुरुस्त करून फिल्म बदलणे ही किरकोळ हातचलाखी राहत नाही. तिने न पाहिलेल्या ९५ टक्के जोडांची हमीच काढून घेतलेली असते.

ही हातचलाखी मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे. अलास्कातील सुमारे १,३०० किलोमीटरच्या तेलवाहिनीचे काम सुरू असताना, १९७५ च्या हंगामातील जोडांच्या फिल्म खोट्या असल्याचे उघड झाले. एकाच चांगल्या जोडाची फिल्म अनेक जोडांच्या नावावर लावली गेली होती. नोंदी तपासल्यावर ३,९५५ जोड शंकास्पद ठरले. गाडलेले पाइप उकरून, काही नदीपात्राखालून शोधून, तपासावे आणि दुरुस्त करावे लागले. बर्फाळ प्रदेशात हे काम किती खर्चिक असेल याची कल्पना करता येईल. वाहिनी जून १९७७ मध्ये सुरू झाली.

शेवटची कसोटी पाणी भरून दाब देण्याची, म्हणजे हायड्रोटेस्ट. ‘बी ३१.३’ नुसार साधारणपणे आराखड्यातील दाबाच्या दीडपट. पाणी जवळपास दाबले जात नसल्याने जोड फुटला तरी साठलेली ऊर्जा कमी असते. हवेने किंवा गॅसने चाचणी घेताना फुटला तर तो स्फोट असतो. म्हणून घाईत ‘हवा भरून बघू’ म्हणणाऱ्याला साइटवर थांबवायला हवे.

नोंदच चुकीची असेल तर?

कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनो या उपनगरात ९ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी ३० इंची गॅसवाहिनी फुटली. आठ जण मृत्युमुखी पडले, ३८ घरे जळून गेली. २८ फूट लांबीचा पाइपाचा तुकडा शंभर फुटांवर जाऊन पडला. गॅस बंद करायला ९५ मिनिटे लागली.

कंपनीच्या नोंदीत त्या जागचा पाइप ‘सीमलेस’, म्हणजे लांबीच्या दिशेने सांधाच नसलेला, असे लिहिले होते. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तुकडा तपासला तेव्हा त्याला सांधा होता. त्यातही १९५६ मध्ये बसवलेल्या त्या भागात काही आखूड तुकडे जोडलेले होते. त्यांपैकी ज्या तुकड्यापासून वाहिनी फाटली, त्याचा लांबीचा सांधा फक्त बाहेरून भरलेला होता. आतून वेल्डिंग नव्हतेच. धातू पाइपाच्या जाडीच्या जेमतेम निम्म्यापर्यंत उतरला होता. ही अपुरी जागा ५४ वर्षे दाब सोसत राहिली आणि त्यातला तडा हळूहळू वाढत गेला. फुटताना दाब परवानगीच्या मर्यादेत होता.

मंडळाच्या अहवालातील एक तपशील विशेष बोलका आहे. ती वाहिनी टाकली त्या काळी ३० इंची सीमलेस पाइप बनवणारा मान्यताप्राप्त उत्पादक अमेरिकेत नव्हताच. म्हणजे नोंद वाचणाऱ्या जाणकाराला ती चूक कार्यालयात बसूनही पकडता आली असती. नियम कडक होण्यापूर्वीच्या वाहिन्यांना नव्या दाबचाचणीतून सूट होती, त्यामुळे हा पाइप चाचणीविना राहिला. राज्याच्या नियामकाने २०१५ मध्ये कंपनीला १.६ अब्ज डॉलरचा दंड केला. पुढच्या वर्षी ज्युरीने तिला सहा गंभीर गुन्ह्यांत दोषी धरले. त्यातला एक गुन्हा तपासात अडथळा आणल्याचा होता.

महाराष्ट्रात नियम कोणाचे?

पाइपातून काय वाहते त्यावर ते अवलंबून आहे. वाफेसाठी ‘आयबीआर’ म्हणजे भारतीय बॉयलर नियमावली, १९५०. साडेतीन किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त दाबाची वाफ नेणारा पाइप या कायद्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे साखर कारखाने, डेअऱ्या, कापड प्रक्रिया उद्योग, औषध कंपन्या सगळ्यांनाच ते लागू होते. अशा पाइपाचे वेल्डिंग प्रमाणपत्रधारक वेल्डरनेच करायचे असते. कामगार बाजारात ‘आयबीआर वेल्डर’ ही वेगळी जात मानली जाते, तिला मजुरीही जास्त मिळते. राज्यात हे काम बाष्पके संचालनालय पाहते. १९२३ चा जुना बॉयलर कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा कायदा आला. त्यात सातपैकी चार गुन्ह्यांत फौजदारी शिक्षा कायम ठेवली आहे. हे चार गुन्हे जीवित-वित्तहानी घडवू शकणारे आहेत.

नैसर्गिक वायूच्या वाहिन्यांसाठी पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचे नियम आहेत. शहरी गॅस जाळ्यांसाठीचे २००८ चे आणि लांब पल्ल्याच्या वाहिन्यांसाठीचे २००९ चे. आपल्या गल्लीत खोदताना दिसणारा पिवळा किंवा नारिंगी पाइप पॉलिथिलीनचा असतो. त्याचे जोड ठिणग्या न उडवता तापवून एकजीव केले जातात. पोलादाची वाहिनी त्याआधीच्या, जास्त दाबाच्या टप्प्यात असते.

नियम कमी नाहीत. अडचण मजुरीच्या हिशेबात आहे. अनेक साइटवर पाइपिंगचे काम ‘इंच-डाया’वर मोजले जाते : सहा इंची पाइपाचा एक जोड म्हणजे सहा इंच-डाया. मुख्य कंत्राटदाराकडून उपकंत्राटदाराकडे, त्याच्याकडून टोळीकडे काम जाते तसा दर उतरत जातो, आणि दिवसभरात जास्त इंच-डाया काढणाऱ्याचे पोट भरते. रॉड पुन्हा ओव्हनमध्ये ठेवायला गेलेली दहा मिनिटे, पाइप तापवायला लागलेला अर्धा तास, दोन तोंडे नीट जुळवण्यासाठी फिटरने घेतलेला वेळ यांचा दर कुठेच लिहिलेला नसतो. नापास जोडाची दुरुस्ती मात्र बहुधा त्याच टोळीच्या खिशातून होते. अशा व्यवस्थेत दोष लपवण्याचा मोह कोणाला होईल, हे वेगळे सांगायला नको.

आणि वेल्डर स्वतः किती सुरक्षित?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमचे घातक रूप असते, तिथे रुमाल तोंडाला बांधून भागत नाही.

आर्गनचा धोका तर दिसतही नाही. स्टेनलेस पाइपाचा रूट आतून जळू नये म्हणून पाइपात आर्गन भरतात. हा वायू हवेपेक्षा जड, वासरहित आणि विषारी नसलेला. त्यामुळेच त्याची भीती वाटत नाही. मोठ्या पाइपात किंवा खड्ड्यात तो साचला की प्राणवायू संपतो आणि आत उतरलेला माणूस धाप लागण्याआधीच कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही. प्राणवायू मोजल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही, हा नियम याचसाठी आहे.

रेडिओग्राफी बहुधा रात्री, साइट रिकामी झाल्यावर करतात. इरिडियम-१९२ या किरणोत्सारी स्रोताची ताकद दर ७४ दिवसांनी निम्मी होते, तरी नव्या स्रोताजवळ चुकून गेलेल्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते. हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीने आणि प्रशिक्षित व्यक्तींनीच करायचे असते. दोरी बांधलेला परिसर आणि लाल दिवा दिसला तर ‘जवळचा रस्ता’ म्हणून त्यातून जाऊ नये.

जैतापूरसाठी याचा अर्थ काय?

राजापूर तालुक्यातील माडबन परिसरात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा ईपीआर, म्हणजे ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प प्रस्तावित आहे. एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफने भारतीय अणुऊर्जा महामंडळाला बंधनकारक तांत्रिक-व्यावसायिक प्रस्ताव दिला. त्यानुसार अभियांत्रिकी अभ्यास आणि उपकरणे फ्रेंच बाजूने यायची आहेत. ईडीएफ गुंतवणूकदार नसेल आणि बांधकामाची जबाबदारीही तिची नसेल. बांधकाम आणि भट्टी सुरू करणे हे महामंडळाकडे.

दरम्यान फ्रान्सने वेल्डर घडवायला पुन्हा सुरुवात केली आहे. फ्लामांव्हिलपासून जवळच, शेरबूर येथे २०२२ मध्ये ईडीएफ आणि इतर उद्योगांनी मिळून वेल्डिंगची प्रशिक्षण संस्था उघडली. त्याच वर्षी जुन्या अणुभट्ट्यांच्या पाइपांत जोडांजवळ तडे सापडल्यावर अमेरिका-कॅनडातून सुमारे शंभर वेल्डर आणावे लागले होते.

जैतापूरच्या चर्चेत आजवर जमीन, मासेमारी, भूकंप, विजेचा दर हे मुद्दे आले आणि ते येणे आवश्यकच होते. वाफेच्या पाइपांचा विषय त्यात फारसा आलेला नाही. ‘पाइप फुटणारच नाही’ हे गृहीतक आराखड्यात पॅरिसमध्ये धरले जाईल. ते खरे करण्याची अट महामंडळाकडे, तिथून भारतीय कंत्राटदाराकडे, तिथून उपकंत्राटदाराकडे आणि शेवटी माडबनच्या सड्यावर हेल्मेट खाली ओढून बसलेल्या वेल्डरपर्यंत उतरावी लागेल. फ्लामांव्हिलमध्ये हे सगळे एकाच देशात, एकाच भाषेत होते, तरी अट वाटेतच राहिली. जैतापूरच्या करारात ती कोणाच्या सहीने कोणाकडे जाईल आणि ती पोहोचल्याची खातरजमा अणुऊर्जा नियामक मंडळ पहिल्या जोडाच्या आधी करेल की नंतर, हे अंतिम करारापूर्वीच विचारता येईल.